फॉस्टर कुटुंबातून मूल परत आलं, आता मी हे काम सोडू का?

पत्र आलंय मराठवाड्यातून. नाव-गाव देत नाही, पत्रही थोडं कापलंय. फॉस्टर केअर म्हणजे दत्तक न घेता दुसऱ्याचं मूल आपल्या घरात सांभाळणं, आणि मुलाला असं कुटुंबात ठेवणं म्हणजे प्लेसमेंट.

"ताई, नमस्कार. मी 33 वर्षांची, एमएसडब्ल्यू झालेय, जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी (संस्थाबाह्य, म्हणजे मुलांना बालगृहाबाहेर सांभाळण्याचं काम) म्हणून कंत्राटावर काम करते, सहा वर्षं झाली. फॉस्टर केअर हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. गेल्या वर्षी खूप धडपड करून बालगृहातल्या एका 11 वर्षांच्या मुलाला एका कुटुंबात ठेवलं. पाच महिन्यांनी त्यांनी त्याला परत आणून सोडलं. त्या दिवसापासून मी त्या बालगृहात गेलेच नाही, सहकाऱ्याला पाठवते. आता मुंबईच्या एका मोठ्या संस्थेकडून प्रोग्राम मॅनेजरची ऑफर आहे, पगार दुपटीच्या वर, काम म्हणजे ट्रेनिंग, रिपोर्ट, मंत्रालयातल्या मीटिंगा. मला या क्षेत्रात खूप पुढे जायचंय, लीडर व्हायचंय, हे लिहितानासुद्धा लाज वाटते पण खरं तेच आहे. सासूबाई म्हणतात कंत्राटावर अजून किती दिवस. जाऊ का मुंबईला? आणि जिच्या हातून एक प्लेसमेंट टिकली नाही तिनं दुसऱ्यांना काय शिकवायचं?"

अगं, सगळ्यात आधी ती लाज बाजूला ठेव. आपल्याकडे अनाथ मुलांचं काम म्हटलं की डोळ्यापुढे येते ती आई. 1863 मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, 1875 मध्ये पंढरपूरला बालकाश्रम उभा राहिला, तिथपासून थेट आपल्या सिंधुताईंपर्यंत, कुणीतरी पदर पसरला आणि पोरं वाचली, असंच आपण ऐकत मोठे झालो आणि त्या माणसांचं ऋण फिटणारं नाहीच. पण याचा एक परिणाम असा झालाय की या कामात एखादी बाई म्हणाली की मला वरच्या खुर्चीवर बसायचंय, जिल्ह्याचं राज्याचं धोरण ठरवायचंय, की ती लगेच स्वार्थी वाटायला लागते, लोकांना सोड, स्वतःलाच वाटायला लागते. असं वाटून घेऊ नकोस. टिसमध्ये, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरियांचं बघ ना. रस्त्यावरची मुलं रात्री-अपरात्री मदत मागायची, त्या मुलांसाठी त्यांना एकट्यानं धावत राहता आलं असतं आणि लोकांनी त्यांना देवी म्हटलं असतं, पण त्यांनी 1996 मध्ये मुंबईत 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर सुरू केला, म्हणजे कुठल्याही मुलानं कुठूनही फोन करावा आणि कुणीतरी तिथं पोचावं. ते पुढं देशभर गेलं आणि 2023 पासून तर सरकारच चालवतंय. असं काही उभारायचं तर महत्त्वाकांक्षा लागतेच, तुझ्यात आहे, बरंच आहे.

आता त्या मुलाकडे येते, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पगाराचं नाही, "मी बालगृहात गेलेच नाही" हे आहे.

जा. या आठवड्यात जा. ऑफरचं जे व्हायचं ते होईल, आधी तू त्याला भेट. तुला काय वाटतंय ते मला कळतंय, त्याला तोंड कसं दाखवू असं होतं. पण त्याच्या बाजूनं बघ. तो मुलगा बालगृहातून निघाला तेव्हा सगळ्या पोरांनी त्याला निरोप दिला असेल, कुणी हेवा केला असेल, आणि पाच महिन्यांनी तो त्याच हॉलमध्ये त्याच ट्रंकेसकट परत आला. पोरं काय काय बोलली असतील याची कल्पना कर. आणि ज्या ताईनं त्याला सांगितलं होतं की तुला घर मिळणार, ती ताई त्यानंतर आलीच नाही. अकरा वर्षांचं पोर यातून एकच गोष्ट समजून घेतं, की मीच वाईट आहे, म्हणून सगळे सोडून जातात. कुटुंबानं सोडलं ते आता आपल्या हातात नाही, पण तू सोडलेलं नाहीस हे त्याला दिसायला पाहिजे आणि ते फक्त तूच दाखवू शकतेस, सहकाऱ्याला पाठवून होणार नाही.

गेलीस की अधीक्षकांच्या केबिनमध्ये त्याला बोलावू नकोस, तिथं पोरं आपोआप हाताची घडी घालून उभी राहतात. मैदानात बस, तो कॅरम खेळत असेल तर कॅरमपाशी बस. खाऊची पिशवी नको नेऊस, नाहीतर भरपाई द्यायला आल्यासारखं होतं. त्याला सरळ शब्दांत सांग की तुझ्यामुळे हे झालं नाही, मोठ्या माणसांनी जी तयारी करायला पाहिजे होती ती कमी पडली, आणि मी इतके दिवस आले नाही ते मला यायला हवं होतं. तो बोलणार नाही कदाचित, किंवा म्हणेल मला काही फरक पडत नाही. म्हणू दे तसं, पुढच्या आठवड्यात परत जा. नवीन घर शोधते असं मात्र त्याला भरीस घालू नकोस, त्याच्या मनाची तयारी झाल्याशिवाय आणि तुझ्या हातात खरंच काही असल्याशिवाय अजिबात नको. त्याला त्या घरच्या काकूंशी किंवा त्यांच्या मुलीशी फोनवर बोलायचंय का ते विचार, कधी कधी पोरांना रागाबरोबर आठवणही येत असते आणि ती काढायची सोय कुणी ठेवलेली नसते.

मग बस आणि लिहून काढ, हे प्लेसमेंट का मोडलं. खुलासा म्हणून कक्षाच्या फाइलला लावायला नव्हे, स्वतःसाठी लिही. पत्राच्या मी कापलेल्या भागात तू कारण दिलंयस, "मुलगा चोरी करायचा असं कुटुंबाचं म्हणणं". काय चोरायचा, तर तूच लिहिलंयस, पोळ्या. गादीखाली पोळ्या ठेवायचा, त्यांना बुरशी यायची, मुंग्या लागायच्या, आणि त्या बाईंना ते इतकं लागलं की त्या म्हणाल्या "आम्ही याला उपाशी ठेवतो का?" त्या बाई दुष्ट नाहीत गं. पण त्यांना कुणी आधी सांगितलं होतं का, की ज्या पोरानं लहानपणी भूक बघितलीये, आणि नंतर कित्येक वर्षं घंटा वाजली की रांगेत उभं राहून जेवण घेतलंय, ते पोर भरल्या घरातसुद्धा उद्याची पोळी आज लपवून ठेवतं? की याला ओरडायचं नसतं, एक डबा त्याच्या नावानं द्यायचा असतो, त्यात बिस्किटं-लाडू भरून ठेवायचे आणि सांगायचं हा तुझा, कधीही उघड, रिकामा झाला की मी भरणार? आणि किती दिवसांनी थांबेल हे कुणी सांगू शकत नाही, महिने जातात, पण बहुतेक थांबतं. पहिले काही आठवडे मूल फार शहाण्यासारखं वागतं, मग विश्वास बसायला लागला की तेव्हाच घर डोक्यावर घेतं, कारण त्याला बघायचं असतं की एवढं करूनही ही माणसं मला ठेवतात का. कुटुंबाला वाटतं पोरगं बिघडलं. खरं म्हणजे तिथून प्लेसमेंट सुरू होतं आणि नेमका तेव्हाच आपला पाठपुरावा ढिला पडतो, कारण आपण फाइलवर "समायोजन समाधानकारक" लिहून मोकळे झालेलो असतो.

स्वतःला अजून काही विचार. मूल आणि कुटुंब एकमेकांना किती वेळा भेटले होते? आपल्याकडे बऱ्याचदा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखं होतं, एक संध्याकाळ बालगृहात येतात, पोराला पाढे विचारतात, कविता म्हणायला लावतात आणि पसंत. शनिवार-रविवार त्यांच्याकडे राहून परत येणं, शाळेच्या सुट्टीत आठवडाभर राहणं, असं झालं होतं का? कायदा तर सांगतो की फॉस्टर कुटुंबाची तपासणी दर महिन्याला व्हायला हवी, बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 44 काढून परत वाच. झाली होती का पाचही महिने? झाली असेल तर मुलाशी एकट्याशी कुणी बोललं का, का चहा घेऊन फॉर्मवर सह्या झाल्या? मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेचे महिन्याचे 4000 रुपये त्या कुटुंबाला वेळेवर मिळाले का? पैशासाठी कुणी मूल सांभाळत नाही हे आपण म्हणतो, पण शाळेची फी, दप्तर, दवाखाना समोर असतो आणि हप्ता आलेला नसतो तेव्हा घरात जे बोलणं होतं ते मुलाच्या कानावर पडतंच. रात्री दहा वाजता तो दार लावून बसला आणि त्या बाईंना काही सुचेना, तर त्यांनी फोन कुणाला करायचा हे ठरलेलं होतं का? त्याला भाऊ-बहीण आहे का दुसऱ्या बालगृहात? कायदा म्हणतो भावंडं शक्यतो एकत्र ठेवा. त्याची ताटातूट झाली असेल तर तो त्या घरात रुळलाच नसता.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न, हे कुटुंब फॉस्टरला का आलं होतं? तुलाही माहितीये की दत्तकाच्या यादीत वर्षानुवर्षं थांबलेली जोडपी फॉस्टरकडे वळतात. 2024 च्या नव्या आदर्श मार्गदर्शक सूचनांनुसार फॉस्टरमध्ये दोन वर्षं झाली की त्याच कुटुंबाला दत्तक घेता येऊ शकतं, आधी ही मुदत पाच वर्षांची होती, आणि आता 35 ते 60 वयाची एकटी व्यक्तीसुद्धा, लग्न न झालेली, विधवा, घटस्फोटित, फॉस्टर करू शकते. हे चांगलं झालं असं माझं स्पष्ट मत आहे, पण याचा एक धोका आहे तो तुझ्यासारख्या माणसानं ओळखायला हवा. मनात बाळ घेऊन आलेल्या माणसाच्या दारात अकरा वर्षांचं, स्वतःचा भूतकाळ असलेलं, कदाचित कुठंतरी जिवंत आई असलेलं पोर उभं राहतं. दोघांचीही चूक नसते. गृहभेटीत हा प्रश्न तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारायला लागतो, नवऱ्याला वेगळा, बायकोला वेगळा, घरात आजी असेल तर तिला आधी.

हे सगळं लिहून झालं की तुझ्याकडे आठ-दहा पानं होतील, आणि तू मला विचारतेस की मी दुसऱ्यांना काय शिकवणार! ही पानंच शिकवायची आहेत. यशाच्या गोष्टी सांगणाऱ्या ट्रेनिंगा ढीगभर होतात, त्यातून कुणी काही शिकत नाही. मोडलेलं प्लेसमेंट उलगडून दाखवणारी अधिकारी मला शंभरात एखादीच भेटते.

आता लीडर व्हायचंय त्याबद्दल. मुंबईच्या नोकरीत तुझ्या पहिल्याच स्लाइडवर बुखारेस्टचा अभ्यास असणार हे मी आत्ताच सांगते, त्यामुळे तो नीट समजून घे. 2000 साली रोमानियात चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी संस्थेत राहणारी 136 बाळं घेतली, सहा महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंतची, निम्मी चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून फॉस्टर कुटुंबांत ठेवली आणि बाकीची जिथं होती तिथं. पुढं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, मेंदूची वाढ, माणसांशी नातं जोडणं, बऱ्याच गोष्टींत सुधारणा दिसली आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांना अनेक बाबतींत जास्त फायदा झाला. हे सगळे सांगतात. स्लाइडवर जे येत नाही ते असं की त्या फॉस्टर आया निवडून, शिकवून घेतलेल्या होत्या, त्यांना नियमित पैसे मिळत होते, आणि अडचण आली तर बोलायला त्यांच्या पाठीशी सामाजिक कार्यकर्त्या होत्या. म्हणजे नुसतं घर दिल्यानं ते झालं नाही, घराच्या पाठीशी कुणीतरी उभं होतं म्हणून झालं. तुझ्या जिल्ह्यात त्या पोळ्या लपवणाऱ्या पोराच्या घरामागं कोण होतं? एकटी तू, तेही बालविवाह थांबवायला पळत असताना, राज्याच्या बालसंगोपन योजनेच्या फायली हातावेगळ्या करत असताना, आणि दर वर्षी कंत्राटाची ऑर्डर निघेल की नाही या धास्तीत. हे चित्र बदलणं म्हणजे या क्षेत्रातलं नेतृत्व. माझं तरी असंच मत झालंय.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फॉस्टर केअरचा चांगला नेता आधी हे बघतो की मुलाला घरातून बाहेर काढायची वेळच येऊ नये. तुझ्या भागातल्या बालगृहांत किती मुलं खरंच अनाथ आहेत ते तू मोजलं असशीलच. बरीचशी एका पालकाची असतात, आई ऊसतोडीला जाते, दसरा झाला की कोयता घेऊन बाहेर, सहा महिने कारखान्यावर, मग पोराला ठेवायचं कुठं? बालगृहात निदान दोन वेळचं जेवण आणि शाळा तरी आहे म्हणून आणून सोडते. त्या बाईला बालसंगोपनचे महिन्याचे 2250 रुपये मिळाले, किंवा वात्सल्यमधून स्पॉन्सरशिपचे 4000 मिळाले, गावात आजीकडे पोर राहिलं, शिक्षकांनी लक्ष ठेवलं, तर ते मूल संस्थेत येतच नाही. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की काळजीची गरज असलेलं प्रत्येक मूल संस्थेतच ठेवायला पाहिजे असं नाही, बाकीच्या पर्यायांचा गांभीर्यानं विचार करा. पण उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँक खातं, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळणं, यात ती बाई तहसीलच्या पायऱ्या झिजवते आणि शेवटी कंटाळून पोराला बालगृहात घालते. वात्सल्यच्या स्पॉन्सरशिपला तर ग्रामीण भागात वर्षाला 72,000 ची उत्पन्न मर्यादा आहे, त्यात बसणारी कुटुंबं ढीगभर आहेत, फॉर्मच पोचत नाहीत. तू तुझ्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या गावांत सप्टेंबरमध्येच, टोळ्या निघायच्या आधी, ग्राम बाल संरक्षण समित्या जागवून हे फॉर्म भरून घेतलेस आणि संस्थेत येणारी मुलं कमी झाली हे आकड्यात दाखवलंस, तर तुझं नाव मंत्रालयात तुझ्या आधी पोचेल. मुंबईत बसून हे करता येत नाही.

पुढच्या वाटा आहेत, कमी आहेत पण आहेत. बाल कल्याण समितीवर अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो, तू त्याच्या उंबऱ्यावर आहेस. समितीला मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात, एका ओळीच्या आदेशानं पोराचं आयुष्य इकडचं तिकडं होतं, तिथं गृहभेटी केलेली, फॉस्टर मोडताना पाहिलेली बाई बसली तर काय फरक पडेल विचार कर. तीन वर्षांची मुदत असते, मानधन बैठकीप्रमाणे मिळतं, त्यामुळे त्यावर घर चालत नाही हे आधीच धरून चाल. दुसरी वाट सरकारी कायम पदाची, परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी यांची भरती पुण्याचं महिला व बालविकास आयुक्तालय काढतं, आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकारी व्हायचं तर एमपीएससी. खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वयापर्यंत संधी आहे, तुला 33 आहे, अभ्यास करायला अजून वेळ आहे पण दोन वर्षांनी तो खरंच कमी वाटायला लागेल. काहींना सरकारी खुर्चीची भीती वाटते, तिथं गेलं की आपण पण फाइल सरकवणारे होऊ. मला तसं वाटत नाही, जिल्ह्यातलं पाच-पन्नास मुलांचं भलं एका समजूतदार जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या सहीनं झालेलं मी बघितलंय.

अजून एक, आणि हे माझ्या फार जवळचं आहे. तुझ्या जिल्ह्यातली जी मुलं 18 ची होऊन बालगृहातून बाहेर पडली त्यांना शोध. कायद्यानं अनुरक्षण, म्हणजे बालगृह सुटल्यावरचा आधार, 21 पर्यंत आहे, पण बरीच पोरं 18 च्या वाढदिवसानंतर हातात पिशवी घेऊन कुठंतरी पुण्याच्या हॉटेलात नाहीतर एमआयडीसीत कामाला लागलेली असतात. 2018 मध्ये महाराष्ट्रात अनाथांना सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण मिळालं ते अशाच एका अनाथ मुलीनं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या म्हणून. चांगल्या फॉस्टर घरात काय असायला हवं हे या मुलांइतकं कुणालाच कळत नाही. पुढच्या वेळी कुटुंबांचं ट्रेनिंग घेशील तेव्हा पीपीटी अर्धी कर आणि त्यातल्या दोघा-तिघांना मानधन देऊन बोलायला बोलाव. त्यातलं कुणी बोललं की "मला बारा वर्षांत कुणी विचारलं नाही की तुला भाजी कुठली आवडते" की हॉलमध्ये जे होतं ते तुझ्या-माझ्या भाषणानं होत नाही.

आता ऑफर. माझं मत विचारशील तर आत्ता नको. तू उत्तम मॅनेजर होशील यात शंका नाही, पण आत्ता गेलीस तर तू त्या पोराला टाळून जाशील, आणि पुढं प्रत्येक ट्रेनिंगमध्ये तो तुझ्या समोर बसलेला असेल. वर्ष-दीड वर्ष थांब, निदान एक प्लेसमेंट असं उभं कर की जे वर्षभर तरी टिकलंय, मग ते याच मुलाचं असो की दुसऱ्या कुणाचं. तेव्हा तुझ्या हातात मोडलेलं एक आणि टिकलेलं एक असेल, दोन्हीची पानं असतील, आणि मोठ्या संस्था तुझ्याकडे परत येतील, कारण खऱ्या केसेस हाताळलेली माणसं त्यांना मिळत नाहीत.

पण हे मी तुझ्या घरचं काही माहीत नसताना लिहितेय. कर्ज असेल, मुलांच्या फिया असतील, नवऱ्याचं काम बेभरवशाचं असेल, तर पगार ही छोटी गोष्ट नाही आणि या क्षेत्रात बायकांनी कायम त्यागच करायचा हे मला मान्य नाही. तसं असेल तर जा, आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. फक्त त्यांना लेखी विचार, की महिन्यातले आठ-दहा दिवस मी एका जिल्ह्यात प्रत्यक्ष केसेसवर काम करेन, पोस्ट मुंबईत असली तरी, हे चालेल का? जी संस्था हो म्हणेल ती खरंच फॉस्टर केअर करतेय. जी म्हणेल तुम्ही आता सिनियर आहात, फिल्डवर ज्युनियर जातील, तिथं दोन वर्षांत तुझी धार जाईल. आणि जायचंच ठरलं तर त्या मुलाचं हस्तांतरण नीट कर, त्याला स्वतः सांग, नवीन ताईची ओळख करून दे, दोघी मिळून एकदा त्याच्याकडे जा, त्याची वैयक्तिक काळजी योजना अपडेट करून समितीपुढं ठेव.

सासूबाईंना उडवून लावू नकोस, त्यांचा प्रश्न बरोबर आहे, कंत्राटावर म्हातारं होता येत नाही. त्यांना नवऱ्यासमोर बसवून तारखा सांग, एमपीएससीचे दोन प्रयत्न, आयुक्तालयाची भरती निघाली की तिचा फॉर्म, समितीची जाहिरात आली की तिचा अर्ज, आणि यातलं काहीच नाही झालं तर 36 व्या वर्षी मी मुंबईची किंवा पुण्याची नोकरी घेणार. त्यांना ठोस काही ऐकायचंय, तू आतापर्यंत त्यांना फक्त कामाचं महत्त्व सांगत आली असशील. आणि संस्थेला आज एक मेल टाक की निर्णयाला पंधरा दिवस द्या. चांगल्या संस्था देतात. त्या पंधरा दिवसांत बालगृहात निदान दोनदा जाऊन ये, मग मला परत लिही, काय ठरलं ते आणि तो काय म्हणाला तेही.